फुकटातल्या दोन सिस्टिम्स आणि त्यांची भावकी

विंडोजवाला आणि मॅकवाला भांडले तर मी समजू शकतो, दोघांच्याही खिशातून पैसे गेलेत, आपला निर्णय बरोबर होता हे कुणाला तरी पटवून द्यायचंच असतं. पण लिनक्स आणि बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम्सवाले? दोन्ही फुकट, दोन्हींचा सोर्स उघडा, दोन्हीकडे तीच काळी खिडकी आणि त्याच कमांड्स, आणि तरी तीस वर्षं झाली एकमेकांचं उणंदुणं काढणं चालूच आहे.

आमच्या ऑफिसात एक सिनियर आहेत, कट्टर फ्रीबीएसडीवाले (बीएसडीच्या फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी अशा शाखा आहेत). त्यांच्यासमोर कुणी 'लिनक्स म्हणजे युनिक्सच की' असं म्हणालं की हातातला चहा बाजूला ठेवून ते सुरू होतात, अरे लिनक्स म्हणजे नुसतं कर्नल, सिस्टिमचा गाभा, बाकीचं सगळं इकडून तिकडून गोळा केलेलं, आमच्याकडे कर्नल, कमांड्स, मॅन्युअल सगळं एका जागी एका टीमने बनवलेलं असतं. यात तथ्य आहे बरं का, फ्रीबीएसडीची मॅन पेजेस, म्हणजे मॅन्युअलची पानं, वाचा आणि मग लिनक्सची वाचा, फरक कळेल. पण त्यांचा सूर असा असतो की ऐकणारा मुद्दाम जाऊन उबुंटू, म्हणजे लिनक्सच, टाकेल.

माझं मत असं की हे टेक्निकल भांडण नाहीच, ही भावकी आहे. आजोबा एकच, युनिक्स नावाची जुनी सिस्टिम, आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं यावरून सगळी बोंब. आणि हे मी नुसतं म्हणायला म्हणत नाहीये, खरोखरची कोर्टकचेरी झालीये यावरून. बर्कली विद्यापीठातल्या लोकांनी एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या युनिक्सवर वर्षानुवर्षं काम करून त्यातला बहुतेक कोड स्वतःचा लिहून काढला, तेच बीएसडी, मग त्यातल्याच काही जणांनी बीएसडीआय नावाची कंपनी काढून तो विकायला सुरुवात केली, आणि जाहिरातीत फोन नंबर काय दिला तर १-८००-इट्स-युनिक्स! म्हणजे आ बैल मुझे मार. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या यूएसएल कंपनीने केस ठोकली, पुढे विद्यापीठालाही त्यात ओढलं, आणि १९९४ च्या सुरुवातीला तडजोड होईपर्यंत बीएसडीवर टांगती तलवार राहिली. शेवटी निघालं काय? सुमारे १८,००० फाइल्सपैकी ३ काढून टाकायच्या आणि ७० च्या आसपास फाइल्समध्ये कॉपीराइटची ओळ घालायची. बास. एवढ्यासाठी दोन वर्षं.

आणि त्या दोन वर्षांत फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या कॉलेजच्या पोराचं कर्नल, म्हणजे लिनक्स, जे त्याने ऑगस्ट १९९१ मध्ये 'हौस म्हणून करतोय' असं सांगून जाहीर केलं होतं, ते धावायला लागलं होतं. त्यावर कुणाची केस नव्हती. मार्च १९९४ मध्ये लिनक्स १.० आलं, आणि तिकडे फ्रीबीएसडीवाले तडजोडीपायी वादातला जुना कोड टाकून देऊन नव्या पायावर २.० उभं करत बसले होते, ते आलं नोव्हेंबरमध्ये. लिनस स्वतः १९९३ च्या एका मुलाखतीत म्हणून गेलाय की ३८६बीएसडी, म्हणजे पीसीवर चालणारं बीएसडी, तेव्हा हाताशी असतं तर लिनक्स बहुधा झालंच नसतं. त्यामुळे 'आमचं चांगलं म्हणून आम्ही जिंकलो' हे लिनक्सवाल्यांनी जरा जपून बोलावं.

खरा मतभेद आहे तो लायसन्सचा, आणि तिथे मात्र दोन्ही बाजू मला मनापासून पटतात हीच पंचाईत. लिनक्सचं लायसन्स जीपीएल म्हणतं घे, बदल, वाट, पण वाटलंस तर बदललेला सोर्सही दे. बीएसडीचं लायसन्स म्हणतं आमचं नाव राहू दे आणि बाकी तुला काय करायचं ते कर. म्हणून सोनीने फ्रीबीएसडी उचलून प्लेस्टेशन ४ मध्ये घातलं, ॲपलनेही आपल्या सिस्टिममध्ये बीएसडीचा भरपूर कोड वापरला, आणि सगळं रीतसर. लिनक्सवाला म्हणतो बघ, फुकट राबलात. बीएसडीवाला म्हणतो, आम्ही अट घातलीच नव्हती तर लुटलं कसं? मन माझं जीपीएलकडे झुकतं, पण मग ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायचं सॉफ्टवेअर, आठवतं. १९९९ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी ते काढलं आणि आज लिनक्सच्या सर्व्हरवर लॉगिन करताना सुद्धा बहुतेक वेळा आपण त्यांचंच वापरतो, कारण लायसन्सवरून कुणाच्या वकिलाला हरकत घ्यायला जागाच नाही. सगळ्या जगाच्या सर्व्हरवर ज्यांचं ओपनएसएसएच चालतं त्या लोकांना २०१४ च्या सुरुवातीला २०,००० डॉलरचं लाइट बिल भरायला जाहीरपणे मदत मागावी लागली होती! मदत मिळाली म्हणा, पण तोवर एवढाल्या कंपन्या काय करत होत्या?

२००७ मध्ये तर कहर झाला. आधी ओपनबीएसडीच्या एका माणसाने लिनक्समधला जीपीएलचा वायफाय ड्रायव्हरचा कोड आपल्याकडे टाकला, लिनक्सवाल्यांनी चारचौघात वाभाडे काढले आणि तो ड्रायव्हरच बंद पडला. मग काही महिन्यांनी लिनक्सकडच्यांनी ओपनबीएसडीच्या दुसऱ्या वायफाय ड्रायव्हरवरचं मूळ लायसन्स काढून जीपीएल चिकटवायचा घाट घातला, आणि आता ओरडायची पाळी ओपनबीएसडीवाल्यांची. म्हणजे दोघांनी तेच केलं, फक्त आलटून पालटून.

बरं घरात तरी शांतता आहे का, तर नाही. थिओ द राट नेटबीएसडीमधून भांडूनच बाहेर पडला आणि १९९५ मध्ये ओपनबीएसडी काढलं. इकडे २०१४ मध्ये डेबियन या लिनक्सच्या प्रकारात सिस्टिमडीवरून (मशीन सुरू होताना बाकीचे प्रोग्राम चालू करणाऱ्या प्रोग्रामवरून) मतदान झालं आणि रुसलेल्यांनी डेव्हुअन नावाची वेगळी चूल मांडली.

या सगळ्याचा मला रोजचा त्रास एवढाच की आमच्याकडे सर्व्हर लिनक्सचे आणि फायरवॉल सिनियरांच्या कृपेने फ्रीबीएसडी. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडला डॅश आय (-i) देऊन फाइल जागच्या जागी बदलायची, साधी गोष्ट, लिनक्सवर चालते. तीच ओळ फ्रीबीएसडीवर चालवली की सेड आपण दिलेल्या बदलाच्या सूचनेलाच बॅकअप फाइलचं एक्स्टेंशन समजतं आणि फाइलच्या नावाला सूचना समजून एरर देतं, तिथे मध्ये रिकामे कोट्स द्यावे लागतात. मॅकवर पण तेच. आणि गंमत म्हणजे ओपनबीएसडीने यात लिनक्ससारखंच ठेवलंय. सिनियरांना विचारलं तर म्हणाले, "पोसिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या ठरलेल्या नियमांत, डॅश आय नाहीच, तुझी स्क्रिप्टच चुकीची आहे." मी सरळ त्या जागी पर्लची एक ओळ टाकली, ती दोन्हीकडे चालते. आता टीममधली पायथॉनवाली पोरं तोंड वाकडं करतायत.