तोंड आखूड की लांब

प्रयोगशाळेत शौचाच्या बाटलीचा मान सगळ्यात शेवटचा. रक्त मशीनवर चढतं, लघव्या उरकतात, बाटली दुपारपर्यंत खिडकीत. तिच्यावर नाव असतं, वॉर्ड असतो. नमुना किती वाजता घेतला ते कोणी लिहीत नाही. वॉर्डाला सांगून सांगून मी थकले.

त्या दिवशीची बाटली दम्याच्या पेशंटची. कोकणातले भातशेतकरी, साठीचे. रक्तात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत आणि जंतांत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २८ टक्के. सलाइनची स्लाइड दहाच्या लेन्सखाली सरकवत होते, तर जिवंत अळी वळवळत गेली.

नमुना ताजा असेल, तर ही स्ट्राँगिलॉइडिस, मातीतून शरीरात शिरणाऱ्या बारीक जंताची अळी. कालचा असेल, तर हुकवर्म हा मातीतूनच येणारा दुसरा जंतही असू शकतो. त्याची अंडी बाहेर उबेत एक-दोन दिवसांत फुटतात आणि निघणारी अळी दिसायला जवळजवळ तशीच. आयोडिनचा थेंब सोडून तिला थंड केलं, चाळीसचं लेन्स लावलं. हुकवर्मच्या अळीचं तोंड म्हणजे लांब नळी. हिचं आखूड, जेमतेम खाच. शरीराच्या मध्यावर जननांगाचा पुंजका ठसठशीत. हुकवर्ममध्ये तो शोधत बसावं लागतं. बारीक स्क्रू पुढेमागे करत दोन्ही खुणा परत परत पाहिल्या, आणि तरीही ताजा नमुना मागवला.

"जंतच ना मॅडम? अल्बेंडाझोलची गोळी देऊन टाकतो," रेसिडेंट फोनवर म्हणाला. दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड संध्याकाळी सुरू होणार होतं.

मी म्हटलं, थांबा. मातीतून येणारे बाकीचे जंत पोटात पिलावळ वाढवत नाहीत. ही अळी आतल्या आत पुन्हा शरीरात शिरते, म्हणून शेत सोडून वीस-तीस वर्षं झालेल्या माणसातही सापडते. स्टेरॉइड मिळालं की तिला मोकळं रान. आतड्याची भिंत भेदताना तिथले जिवाणूही रक्तात नेते. अल्बेंडाझोलच्या एका गोळीने भागत नाही, आयव्हरमेक्टिन लागतं. पोरगा हुशार, पण हे त्याच्या परीक्षेत एका मार्काचं असणार.

डबी घेऊन मीच वॉर्डात गेले. काकांना विचारलं, अंगावर काही उठतं का? "मांडीवर नागीण उठते, अधूनमधून. लेप लावून घेतो." लाल रेघ, तासाभरात दोन-चार बोटं पुढे सरकलेली. नागीण अशी पळत नाही. ही अळीच कातडीखालून सरकत होती. हे त्यांना कुठल्याच डॉक्टरने विचारलं नव्हतं.

ताज्या नमुन्यातही अळ्या मिळाल्या. स्टेरॉइड थांबलं, आयव्हरमेक्टिन सुरू झालं.

काकांच्या फाइलमध्ये आधीचे दोन रिपोर्ट होते, 'ओव्हा-सिस्ट दिसले नाहीत', म्हणजे जंतांची अंडी वगैरे काही नाही. ते लिहिणाऱ्यांना दोष कसा देऊ? अळ्या रोज पडत नाहीत, एका नमुन्यात बऱ्याचदा हुकतात. मला छळतंय ते कोविडचं २०२१. ऑक्सिजनवरच्या किती भातशेतकऱ्यांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड गेलं, आणि त्यातले जे नंतर सेप्सिसने, रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने गेले, त्यांचं शौच कोणी तपासलं होतं? आमच्याकडे तर तेव्हा त्या बाटल्या घेणंच बंद होतं.