पाय नसलेली पेटी

अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा कीबोर्ड खोक्यातून बाहेर निघाला की घरातली माणसं सुरांची चौकशी करत नाहीत. ती विचारतात, "हा ठेवणार कुठे?" प्रश्न रास्त आहे. साडेचार फूट लांबीचा आणि दोघांनी मिळून उचलायचा ऐवज. पलंगावर ठेवला तर झोपायचं कुठे, जेवणाच्या टेबलावर ठेवला तर जेवायचं कुठे. ओटीवर ठेवला तर दूध घालणाऱ्यापासून मीटर बघायला येणाऱ्यापर्यंत प्रत्येकजण एकेक पट्टी दाबून बघणार.

जुनी वाद्यं आपले पाय आपणच घेऊन यायची. पियानो आजही तसाच येतो. संगीत नाटकांच्या भरभराटीत रंगमंचापुढे ऑर्गन असायचा, त्याला वेगळं टेबल लागत नसे. तो स्वतःच टेबल होता. आमच्या वेंगुर्ल्याकडच्या दशावतारात पायपेटी असते, तिचीही तीच तऱ्हा. टेम्पोतून देवळापुढे उतरवली की उभी, आणि मास्तर पायाने हवा मारत सकाळपर्यंत वाजवायला मोकळे. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें याने हार्मोनियम घडवलं, तेही पायानेच हवा भरायचं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी केली आणि वाद्य जमिनीवर आलं. आपल्याला ते बरंच झालं. गाणारा मांडी घालून बसलेला, तबला जमिनीवर, मग पेटीनेच उभं का राहावं? आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, १९७१ पासून ती सैल होत गेली. पण तेवढ्या काळातही आमच्या भजनांतून ती कुणी उठवली नाही. बुवांच्या पुढ्यातली जागा तिचीच राहिली.

पट्ट्यांचे पाय खऱ्या अर्थाने गेले ते १९८३ साली. जानेवारीत अमेरिकेतल्या अनाहाइम इथे वाद्यांच्या व्यापाऱ्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजायचा. वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी हीच ती मिडी. ती घडवणाऱ्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्याबद्दल २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. त्या एका तारेने पट्ट्या इकडे आणि सूर तिकडे अशी वाटणी करून टाकली. आता पट्ट्यांना भाता नको, तारा नकोत, लाकडी पोट नको. सूर काँप्युटरात. मग कारखानदाराने पाय तरी कशाला द्यावेत? ते आपण द्यायचे.

बाजारात मिळणारं 'स्टुडिओ डेस्क' बघितलं की माझी चिडचिड होते. त्यात स्क्रीनला मानाची जागा, स्पीकरला दोन चौथरे, माउस फिरवायला ऐसपैस पाट, आणि कीबोर्ड? तो खाली एका सरकत्या फळीवर, गरज पडेल तेव्हा ओढायचा. म्हणजे ज्याच्यावर बोटं चालवायची तो खणात आणि ज्याच्याकडे नुसतं बघायचं तो देव्हाऱ्यात. माझं म्हणणं इतकंच होतं की टेबल वाजवण्यासाठी आहे, ऑफिससाठी नाही. आधी पट्ट्यांची उंची ठरवा. बाकीच्यांनी उरलेल्या जागेत बसावं.

हे मी सुतारकाकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली. "पेटी जमनीर बसान वाजवतत. तुमका टेबल कित्याक व्हया?"

"गुडघे, काका."

"ह्यां पटलां," म्हणाले, आणि फीत काढली.

उंचीचं गणित मांडायला सोपं आहे, गळी उतरवायला कठीण. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण २९ इंचांवर असतात. माणूस स्टुलावर ताठ बसला, खांदे सैल सोडले आणि कोपर दुमडलं की हात तिथेच येतो. आपलं लिहायचं टेबल असतं साडेएकोणतीस-तीस इंचांचं. त्यावर कीबोर्ड ठेवला की पट्ट्या जातात ३३ इंचांवर किंवा त्याच्याही वर. पाच मिनिटं कौतुकाने वाजवता येतं. अर्ध्या तासाने खांदे कानांपाशी पोचतात आणि मनगट दुखायला लागतं. माझ्या कीबोर्डच्या बुडापासून पट्ट्यांपर्यंत साडेतीन इंच. म्हणजे फळीचा माथा हवा साडेपंचवीस इंचांवर. फळी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाड. तिच्याखाली गुडघ्यांना उरतात पावणेपंचवीस इंच.

काकांनी साडेपंचविसावर भिंतीवर रेघ मारली, मागे सरून बघितलं आणि विचारलं, "बालवाडीक देऊचां आसा काय ह्यां टेबल?"

खरी पंचाईत त्या सहा सुतांतच होती. टेबल म्हटलं की सुतार समोरून एक आडवी पट्टी मारतोच, तीन-चार इंच रुंद, कारण तिच्यामुळे फळी वाकत नाही. पण ती पट्टी नेमकी गुडघ्यांच्या जागेतून जाते. पट्टी नको म्हटलं तर साडेचार फुटांची फळी कीबोर्डच्या वजनाने मधोमध बसते, आज नाही तर दोन पावसाळ्यांनी. काकांनी त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. आडवी पट्टी त्यांनी मागे नेली, जिथे गुडघे पोचत नाहीत. पुढच्या कडेला फळीच्या खालून लोखंडी अँगल बसवला, तोही फळीत खाच पाडून आत दडवून, की हात फिरवला तर लागतो, गुडघा घातला तर लागत नाही. ती खाच पटाशीने घालताना ते मान तिरपी करून, एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत होते. अँगल पहिल्या खेपेला बसला नाही. त्यांनी एक चिमूटभर भुसा उडवला, परत ठेवला, आणि तो असा बसला की काढायला पक्कड लागली असती.

प्लाय किती आणायचा, हा हिशेब आपसूक सुटला. प्लायचा ताव आठ बाय चारचा. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा कीबोर्ड साडेचार फूट मागतो; उरतात साडेतीन. आणि माझा जुना ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड साडेतीन फुटांत मजेत मावतो. तेव्हा खाली थोरला, वर धाकटा. वरची फळी किंचित पुढे कललेली, म्हणजे बसल्या जागी धाकट्याची बटणं दिसतात. काँप्युटरच्या की-बोर्डाला मात्र मी सरकती फळी दिली. हवा तेव्हा ओढावा, नको तेव्हा आत ढकलावा. (यात थोडा सूड होता हे कबूल.)

लाकडाबद्दल कोकणात माणसाने जास्त शहाणपणा करू नये, हवाच करते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास फिरत असते. दाबलेल्या भुशाचं तयार फर्निचर पहिल्या आषाढात कडांनी फुगतं आणि दुसऱ्या आषाढात पापुद्रे सोडतं. म्हणून फळ्या मरीन प्लायच्या, आयएस ७१० या मानकाचा शिक्का बघून घेतलेल्या. पाय फणसाचे. फणसाचं लाकूड कापताना हळदीसारखं पिवळं दिसतं आणि वर्षं जातील तसं तांबूस-तपकिरी होत जातं. वाळवीही त्याच्या वाटेला सहसा जात नाही. दक्षिणेत वीणा आणि मृदंगम् याच लाकडाचे करतात, ही माहिती मी काकांना मोठ्या उत्साहाने दिली. "आमच्याकडे पाट करतत," ते म्हणाले.

खण मी एकच ठेवला, तारांसाठी. तो आषाढात अडकणार आणि मार्गशीर्षात सुटणार हे ठरलेलंच आहे. बिजागऱ्या पितळेच्या, स्क्रू स्टेनलेसचे. खारं वारं साध्या स्क्रूची वर्षभरात तांबडी भुकटी करतं. टेबल भिंतीपासून चांगलं वीतभर पुढे ओढून ठेवलं, कारण आमची जांभ्याची भिंत पावसात ओल धरते. त्यातून दुसराही फायदा झाला. स्पीकर भिंतीला चिकटवले तर खर्ज उगाच फुगतो. वीतभर सोडल्यावर जरा शुद्धीवर आला. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा असं म्हणतात. साडेचार फुटी फळीच्या दोन टोकांना स्पीकर ठेवले की त्रिकोणाची एक बाजू आयतीच आखून मिळते. कौलारू छपराचाही इथे उपयोग आहे. वर सपाट स्लॅब नसल्यामुळे आवाज छत आणि जमीन यांच्यामध्ये चेंडूचा खेळ खेळत बसत नाही, तिरपा होतो आणि कौलांच्या फटींतून शेजाऱ्यांकडे जातो.

शेजाऱ्यांसाठी हेडफोन आहेत. पण वजनदार पट्ट्यांचा कीबोर्ड हेडफोन लावून वाजवला की वाजवणाऱ्याला यमन ऐकू येतो आणि घरच्यांना नुसतं ठक् ठक् ठक्. पट्टी खाली आपटल्याचा तो ठोका फळीतून पायांत आणि पायांतून जमिनीत उतरतो. आई आतून विचारते, "रात्रीची सुपारी कसली फोडतोयस?" टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे घातले. सुपारी आता लांबून फोडल्यासारखी वाटते, एवढीच सुधारणा.

आणि तो गुंऽऽ. सगळं जोडून स्पीकर चालू केले की कुणी काही वाजवायच्या आधीच एक सूर लागलेला असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. अर्थिंग नीट नसलं, किंवा काँप्युटर आणि कीबोर्ड दोन वेगळ्या प्लगांतून दोन वाटांनी जमिनीला भेटत असले, की ती आवर्तनं स्पीकरात उतरतात. पाश्चात्त्य मोजणीत ४९ आवर्तनांवर 'जी' हा सूर येतो. म्हणजे पांढरी एकचा (त्यांच्या 'सी'चा) षड्ज धरला, तर हा फुकटचा तंबोरा किंचित चढा पंचम देतो. काळी एकला गायलात तर तीव्र मध्यमाची कटकट. सगळ्याचे प्लग एकाच बोर्डावर आणले, तारा संतुलित (बॅलन्स्ड) जातीच्या घेतल्या, गुंजारव बराच खाली बसला. उरलेला उपाय अंगणात होता. जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो आणि कोरड्या जमिनीत वीज मुरायला कां कूं करते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ असतं आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतावं लागतं. माडाच्या आळ्यात पाणी घालून झालं की एक कळशी पंचमाला. गडगडाट सुरू झाला की मात्र अर्थिंगवर विसंबू नये, सरळ प्लग उपटावेत.

पावसाबद्दल एक गोष्ट कीबोर्डच्या बाजूने सांगायलाच हवी. आमच्याकडे जून ते सप्टेंबर माइकसमोर काही ध्वनिमुद्रित करणं म्हणजे कौलांवरचा पाऊस ध्वनिमुद्रित करणं. त्यात बेडूक आले. बासरी, गळा, झांज, सगळ्यांनी तेवढे चार महिने थांबायचं. मिडीच्या तारेतून मात्र आवाज जातच नाही. कुठली पट्टी, किती जोराने, किती वेळ, एवढंच जातं. बाहेर ढगफुटी होऊ दे, आत काँप्युटरात कोरडी ठणठणीत नोंद होते. त्यामुळे चतुर्थीच्या आरत्यांचे आणि भजनांचे ट्रॅक या टेबलावर आषाढातच तयार होतात. गळे नंतर, उघडीप बघून.

मुंग्यांचं तेवढं कठीण आहे. कीबोर्डचं पोट उबदार असतं, त्यात फटी भरपूर आणि वर कुणाची वर्दळ नाही. आईने टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचा सल्ला दिला, जाळीच्या कपाटाला ठेवायची तसे. वाटीच्या बुडाची जाडी धरून पट्ट्या किती सूत वर जातील याचा हिशेब मी करायला लागलो तेव्हा ती उठून गेली. सध्या तिच्या जुन्या सुती लुगड्याचा दुहेरी अभ्रा आहे आणि टेबलापाशी चहा-बिस्किटांना बंदी आहे.

टेबल झाल्यावर पहिले बसले ते वाडीतले भजनीबुवा. बसले म्हणजे, खुर्चीवर मांडी घालून बसले. गुडघे पावणेपंचवीस इंचांखाली जाणार कसे? ते फळीला अडले. मग बुवा खुर्चीसकट हातभर मागे सरकले आणि दोन्ही हात लांब करून, चुलीतलं लाकूड ओढावं तसे वाजवायला लागले. डावा हात मध्येच भात्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. "काळी तीन करा," म्हणाले. मी बटण दाबून सूर चढवले. ते खूश झाले, कारण बोटं होती तिथेच ठेवून स्वर बदलला. पण टेबल त्यांना पसंत पडलं नाही. "ह्याच्यापेक्षा चौरंग बरो. खाली बसान तरी वाजवक येयत."

त्यांचंही बरोबर. पाय सोडून बसणाऱ्याला एक उंची आणि मांडी घालणाऱ्याला दुसरी. वरची फळी धाकट्या कीबोर्डसकट उचलून खाली चौरंगावर ठेवता आली तर दोघांचं भागेल. फणसाचे दोन तुकडे उरलेत, त्यात बुटके चार पाय निघतील. मी लगेच काकांकडे गेलो. ते गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे होते, कोपरापर्यंत रंग. सीझनला सुतारकाम बंद. "चतुर्थी झाल्यार बघूया," म्हणाले. कुठली चतुर्थी, ते मी विचारलं नाही.