विज्ञानाचे मार्क तासाच्या आधी ठरतात

शिक्षकाची बांधिलकी म्हटलं की रविवारी जादा तास घेणारे सर डोळ्यांसमोर येतात. जादा तास वाईट नाहीत. पण दहावीच्या विज्ञानात मार्क वाढतात ते बहुतेकदा दुसऱ्याच दोन कामांमुळे. एक, प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून बघणं. दोन, वहीतली चूक नेमकी कुठल्या जातीची आहे ते शोधणं. ही कामं कुणाला दिसत नाहीत, म्हणून तीच आधी सुटतात.

बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर घ्या, म्हणजे खूप दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते ते. भिंग २० सेंमीचं आहे आणि वर्गात दोन मीटरवरच्या ट्यूबलाइटची प्रतिमा कागदावर घेतली, तर ती २० वर मिळत नाही, सुमारे २२.२ सेंमीवर मिळते. मुलं गोंधळतात, मग शेजारच्या वहीतून २० उतरवतात. हा आकडा जुळवण्याचा धडा फार खोल रुजतो. खिडकीतून दिसणारं पन्नास मीटरवरचं झाड घेतलं तर फरक एक मिलिमीटरच्याही आत येतो. बाकीच्या खिडक्या बंद करायच्या, पुठ्ठ्यावर पांढरा कागद लावायचा, तीन वाचनं घेऊन सरासरी काढायची. भिंग सूर्याकडे मात्र धरायचं नाही. कागद पेटतो, डोळ्याला इजा होते. ट्यूबलाइटचा प्रयोगही वाया घालवू नये. दोन्ही वाचनं फळ्यावर शेजारी लिहून ‘फरक का?’ विचारलं, की भिंगाचं सूत्र पाठ करायची गरज उरत नाही.

पाण्याच्या उत्कलनबिंदूचंही तसंच. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी १०० ला नाही, ९८.५ अंशांच्या आसपास उकळतं. ज्यांनी हे आधी करून पाहिलेलं नाही ते ‘थर्मामीटर खराब आहे’ म्हणून मोकळे होतात, आणि हवेचा दाब शिकवायची हातातली संधी जाते. (थर्मामीटरचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नये, नाहीतर वाचन खरंच चुकतं.)

आता वह्या. साठ मुलांच्या वह्या रोज तपासणं शक्य नाही, आणि ‘पाहिले’ असा शेरा मारून काहीच होत नाही. रोज दहा वह्या, त्याही फक्त गणितांच्या. चुकीपुढे एकच अक्षर: सू म्हणजे सूत्र, चि म्हणजे चिन्ह, ए म्हणजे एकक, आ म्हणजे आकडेमोड. आठवड्यात कळतं की भिंगांच्या गणितात बरीच मुलं सूत्र बरोबर लिहितात, पण वस्तूचं अंतर ऋण घ्यायला विसरतात. त्यांना अख्खा धडा पुन्हा शिकवू नये. चिन्ह संकेताची (कुठलं अंतर धन, कुठलं ऋण) दहा मिनिटं आणि तीन गणितं पुरतात.

सोलापूर शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. तिथे अपवर्तन (प्रकाश वळणं) आणि परावर्तन (प्रकाश परत फिरणं) हे दोन्ही शब्द सारखेच परके. मुलाला संकल्पना कळलेली असते, प्रश्न कळत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात रोज दोन संज्ञा, शेजारी रेखाचित्र. घरी विड्या वळायला हातभार लावणाऱ्या मुलीला वीस प्रश्नांचा गृहपाठ देणं अन्याय आहे. तीन द्यावेत आणि तीनही तपासावेत.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये नोकरीतल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: ओढीतून आलेली, कर्तव्यभावनेतून आलेली आणि सोडता येत नाही म्हणून उरलेली. तिन्ही प्रकारचे शिक्षक हजेरीपटावर सारखेच दिसतात. मुलांच्या प्रयोगवहीत मात्र सारखे दिसत नाहीत. दहावीला विज्ञानाच्या दोन लेखी पेपरांचे ४० अधिक ४० आणि प्रात्यक्षिकाचे २०. ते २० सढळ हाताने वाटता येतात, आणि तिथेच नुकसान सुरू होतं: ज्यानं किरणाकृती (प्रकाशकिरणांचा मार्ग दाखवणारी आकृती) कधी स्वतः काढलीच नाही, तो लेखी परीक्षेत बाणांची दिशा चुकवतो.