साडेतीनशे फुटांतली वाकळ

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, मार्चअखेर घरं रिकामी करा, अशी नोटीस एप्रिलात जिन्याखाली लागली. हातात अकरा महिने होते, पण नवऱ्याने त्याच रविवारी शेजाऱ्यांची शिडी आणून माळा उपसायला घेतला. भांडुपचं आमचं घर साडेतीनशे फुटांचं. त्यातलं निम्मं माळ्यावर राहतं असं म्हटलं तरी चालेल. मोडका टेबलफॅन, मुलीचा पाळणा, दोन गणपतींचे मखर आणि सगळ्यांच्या मागे सासूबाईंची पत्र्याची ट्रंक. तिच्यात सतरा लुगडी, दोन धोतरं आणि चिंध्यांचं एक गाठोडं निघालं.

चिंध्या गिरणीच्या. सासरे लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो काही रीतसर मिटला नाही, आणि सासरेही पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. त्याआधीची वीस वर्षं गिरणीच्या दुकानातून घरात आलेल्या प्रत्येक कापडाचा उरलासुरला तुकडा सासूबाईंनी बांधून ठेवला होता.

दुसऱ्याच दिवशी खाली बोहारीण ओरडली. तिला वर बोलावलं. तिने लुगडी उलटीपालटी केली, बसल्या जागी ताणून पाहिली आणि सतरा लुगड्यांचं एक मोठं पातेलं नि दोन डबे देते म्हणाली. मी घासाघीस करणार तेवढ्यात कॉटवरून सासूबाईंचा आवाज आला, "आगं, ती लुगडी हायत का शिळ्या भाकरी? ठेव तिथं."

"आई, पण न्यायची कुठे? भाड्याच्या घरात माळा नसला तर?"

"वाकळ शिव."

मी दादरची. आमच्याकडे गोधडी म्हणतात, आणि ती शिवणारी बाई येते. माझी आजी अशा बाईला गॅलरीत बसवायची, दुपारचा चहा द्यायची आणि टाके मोठे पडले म्हणून भांडायची. सासूबाई माण तालुक्यातल्या, म्हसवडच्या बाजूच्या. त्यांच्याकडे वाकळ घरच्या बायकाच शिवायच्या. मी छोटी दुपटी शिवते, कापडी पिशव्या शिवते, ऑफिसातल्या तिघींच्या बाळांना माझीच दुपटी गेली आहेत. त्या जोरावर मी हो म्हटलं. पाच फूट बाय सात फूट, पाच थर, खाली-वर लुगडं, पोटात जुनं सुती. कागदावर तर सोपं दिसत होतं.

आधी कापडाचा हिशोब सांगते, कारण तिथेच माझं पहिलं चुकलं. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. सात फुटी तुकडे तीन निघायला हवेत. पण काष्ट्याचं लुगडं बसायच्या जागी आणि गुडघ्यावर विरलेलं असतं, त्यामुळे धड तुकडे दोनच निघतात. पन्हा साधारण पंचेचाळीस इंच, म्हणजे पाच फूट रुंदीला एका अंगाला पंधरा इंचांची पट्टी जोडावी लागते. हे मला कापून झाल्यावर कळलं. शिवाय काठ. इरकली काठ इतका जाड की चार थरांच्या वर आला तर सुई वाकते. एका संध्याकाळी मी तीन सुया वाकवल्या. शेवटी सगळे काठ उसवून वेगळे ठेवले.

दुसरं चुकलं ते धुण्यात. जुनं कापड आहे, रंग जायचा तो कधीच गेला असेल, असं मी धरून चालले. लाल लुगडं आणि सासऱ्यांचं पांढरं धोतर एकाच बादलीत. धोतर गुलाबी झालं. मिठाच्या पाण्यात लाल वेगळं भिजवायला हवं होतं, हे सासूबाईंनी नंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, "तू इचारलंस कुठं?"

पण खरी अडचण शिवणाची नव्हतीच. पाच बाय सातचे पाच थर एकावर एक, एकही चुणी न पडता अंथरायला पाच बाय सातची मोकळी जमीन लागते, आणि चारी बाजूंनी माणूस फिरेल इतकी वर. आमच्या हॉलमध्ये दिवाण, कपाट, आईंची कॉट आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल वजा केलं तर उरते ती जागा ताटं मांडण्यापुरती. म्हणून गच्ची. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी सकाळी फिरायला. मे महिन्यात साडेनऊला किल्ली मिळाली तेव्हा गच्चीची फरशी तव्यासारखी तापली होती. वर वारा. मी एक टोक धरलं की दुसरं उडे. मुलगी चार कोपऱ्यांवर चार कुंड्या ठेवून आली, आणि एका कुंडीखालून मातीचं पाणी झिरपलं.

तरी एकदा अंथरलं, टाचण्या मारल्या, गुंडाळी करून खाली आणलं. शिवू रोज रात्री थोडं थोडं. जूनमध्ये ऑफिसचं काम वाढलं, मग पाऊस लागला. भांडुपच्या जुलैत भिंतीसुद्धा दमट असतात. तीन आठवड्यांनी गुंडाळी उघडली तर प्रत्येक टाचणीच्या जागी गंजाचा एकेक तपकिरी ठिपका. दीडशे टाचण्या, दीडशे ठिपके. त्यातले काही लिंबू-मिठाने गेले, बरेचसे तिथेच आहेत. वर आतला एक थर सरकून मध्ये उशीएवढा गोळा झाला होता. मी सगळं उसवलं आणि सरळ कपाटात कोंबलं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाकळ हा शब्द घरात कोणी काढला नाही. मी लोकलमध्ये एक दुपटं शिवत होते, तेवढंच. स्लो गाडीत खिडकीला जागा मिळाली की भांडुप ते सीएसएमटी दोन-अडीच ओळी होतात. चौथ्या सीटवर टेकले असेन तर सुई काढत नाही, गाडीला गचका बसला तर शेजारणीच्या मांडीत जायची. आमच्या डब्यात एक बाई मेथी निवडते, एक जप करते, मी टाके घालते. एकीने विचारलंही, किती घेता एकाचे? मी विकत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला.

दिवाळीच्या सुट्टीत नवऱ्याने दांडेली ठरवलं. त्याला काळी नदीत राफ्टिंग करायचं होतं. मला तिथे पाण्यात पडण्यात रस नव्हता, पण त्याच बाजूला हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत आणि त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे चिंध्यांची गोधडी शिवतात हे ठाऊक होतं. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिराच आठवतो. हेही मूळचे आफ्रिकेतून पश्चिम किनाऱ्यावर आलेले, पण उत्तर कन्नडच्या जंगलात शेती-मजुरी करून राहिलेले. रात्रीच्या बसने बेळगाव, पुढे गाडी. नवरा आणि मुलगी नदीवर गेले त्या सकाळी आमच्या होमस्टेच्या मालकीणबाई मला ओळखीच्या एका मावशींकडे घेऊन गेल्या.

मावशी पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. त्यांची बोली कोकणीच्या अंगाने जाणारी, माझं मराठी, अर्धं कळत होतं, अर्धं हातवाऱ्यांनी. मांडीवर एका जुन्या साडीचा कोपरा, बाकीची साडी बाजूला ढिगासारखी पडलेली. त्यांनी कड आत दुमडली, त्यावर एक चिंधी ठेवली, तिचीही कड बोटाने मुडपली आणि धावदोरा घालत निघाल्या. चिंधी संपली की पुढची. कोपरा आला की वळायचं. असं कडेकडेने फिरत मध्याकडे यायचं. टाचणी नाही, आखणी नाही, अंथरणं तर नाहीच. कापड हाताखाली येईल तेवढंच सपाट करायचं, उरलेलं ढिगातच.

मी दहा मिनिटं बघतच बसले. गच्ची, कुंड्या, सेक्रेटरी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"मधे झोळ येत नाही?" मी हाताने फुगा करून दाखवला. त्यांनी चार बोटं पुढच्या कापडावरून बाहेरून आत फिरवली, टाका घातला, पुन्हा बोटं फिरवली. उत्तर एवढंच. चारी कोपऱ्यांना त्या घड्या घातलेले छोटे रंगीत तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात. फुलाशिवाय कवंदी उघडी, असं तिकडे मानतात. माझ्या हातात सुई देऊन त्यांनी मला वीतभर शिवू दिलं आणि मग ते, मला न दुखावता, माझ्यासमोरच उसवलं.

परत आल्यावर मी पाचाचे चार थर केले. डिसेंबरातल्या एका कोरड्या रविवारी गच्चीवर तळ आणि पोटातले दोन थर अंथरून हातभर लांबीच्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवले. तासाभरात काम झालं, कारण आता तंतोतंत बसवायचं काहीच नव्हतं. वरच्या चिंध्या कडेपासून, एकेक. बसायची जागा आईंच्या कॉटची कड. दोरा सुती, मेणावरून ओढलेला. पॉलिस्टरचा दोरा जुन्या लुगड्याला कापतो, त्यामुळे तो मोह टाळला.

ओळींमध्ये पाऊण इंच ठेवलं तर एवढ्या वाकळीला एकूण धावदोरा साधारण ५६० फूट होतो. नवऱ्याने हिशोब करून सांगितलं, बारा डब्यांच्या लोकलचे आठ डबे. हे त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पुढचे दोन महिने मी रोज कुठल्या डब्यात आहे ते तो विचारायचा.

आईंना डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण त्या शिवलेल्या भागावरून हात फिरवायच्या. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "लई बारीक टाकं. वाकळ हाय का रुमाल?" मला तो अपमान वाटला. माझे बारीक टाके हाच तर माझा अभिमान. पण बारीक आणि दाट शिवलं की कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं, अंगाला लपेटत नाही. दुसऱ्या फेऱ्यापासून टाका मोठा केला. पहिल्या फेऱ्याची कड अजून कडक आहे, आणि आम्ही ती पायाकडे घेतो. कोपऱ्यांना मी फुला लावले, इरकली काठाचे. आईंनी चाचपून "ह्ये काय?" विचारलं. सांगितलं. "असू दे," म्हणाल्या.

चिंध्या संपत आल्या तसं त्या एकेक ओळखायला लागल्या. बोटांत चोळून. ही तुझ्या नवऱ्याच्या शाळेच्या चड्डीची. ही पडद्याची. हिचं झबलं शिवलं होतं, कुणाचं ते बोलल्या नाहीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मध्ये तळहाताएवढी जागा उरली आणि गाठोडं रिकामं झालं होतं. मी गुलाबी धोतराचा तुकडा लावला. कुठलं कापड ते त्यांनी विचारलं, मी धोतर म्हटलं. रंग सांगितला नाही.

एकतीसला ट्रक आला. मुलुंडच्या भाड्याच्या घरात सामानाआधी आम्हीच पोचलो, ट्रक रस्त्यात कुठेतरी अडकलेला. हॉल रिकामा, बारा बाय सोळा, फरशी पुसलेली. आईंना टेकायला काही नव्हतं म्हणून मी वाकळ काढून जमिनीवर टाकली. पूर्ण उघडी अशी मी ती पहिल्यांदाच पाहत होते. एक बाजू दुसरीपेक्षा चांगली तीन इंच लांब. गंजाचे ठिपके तळाला, दिसले नाहीत.

आई बसल्या, मग आडव्या झाल्या, हाताने चारी बाजूंची फरशी चाचपली.

"हितं आजून एक आंथरंल," म्हणाल्या.

ट्रंकेत अकरा लुगडी आहेत.