माझे पहिले पिस्तूल आणि पहिले आठ महिने

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी बाबांची एकनळी काडतुसाची बंदूक होती. शेतीच्या राखणीसाठी तिचा परवाना मिळालेला होता, आणि रानडुकरे बागायतीत उतरू लागली की ती रात्री हवेत एकदा वाजे. निवडणूक जाहीर झाली की बाबा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करीत, निकालानंतर परत आणीत, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ओसरीवर बसून तिच्या नळीतून तेलाचा बोळा फिरवीत. आम्हां भावंडांना तिला हात लावायची मुभा नव्हती. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःसाठी पिस्तूल घेण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा बाबांनी एवढेच विचारले, "बाय, तुला ते कशाला हवं?"

सगळी निवड याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते, हे मला पुढे उमगले. फोंड्याला मी एकटी राहते, आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला माझ्या मनात स्वसंरक्षणाचाच विचार होता. त्यासाठी 1959 च्या शस्त्र कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, पोलीस चौकशी होते, आणि 2016 च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्रही लागते. 9 मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) मोडत असल्यामुळे सामान्य नागरिकाच्या वाट्याला बहुधा .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल येते. परवाना कदाचित मिळालाही असता. पण मोजक्या काडतुसांवर सराव किती होणार, हा प्रश्न सुटेना. ज्या शस्त्रातून आपण वर्षाला जेमतेम दहा गोळ्या झाडणार, ते कपाटात ठेवून माणूस सुरक्षित होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मी 10 मीटर एअर पिस्तुलाकडे, म्हणजे दहा मीटरवरच्या लक्ष्यावर हवेच्या पिस्तुलाने नेम साधण्याच्या खेळाकडे वळले. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या बोअरचे आणि 20 ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेले हवेचे पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही, आणि त्याच्यावर दिवसाला शंभर छर्रे झाडता येतात.

नेमबाजीच्या रेंजवर शिकवणाऱ्या आमच्या सरांनी मात्र पहिले दोन महिने मला काहीही विकत घेऊ दिले नाही. रेंजवरची तीन पिस्तुले त्यांनी आळीपाळीने माझ्या हातात दिली. दुकानात पिस्तूल पाहताना आपण नळी पाहतो, नाव पाहतो. पाहायची असते ती मूठ. स्पर्धेच्या पिस्तुलांच्या लाकडी मुठी लहान, मध्यम आणि मोठ्या अशा मापांत मिळतात, आणि ते माप बुटाच्या मापाइतकेच नेमके असावे लागते. सरांनी मला एक परीक्षा शिकवली. मूठ हातात पक्की बसवायची, डोळे मिटायचे, हात खांद्याच्या उंचीला न्यायचा आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची काळी पट्टी मागच्या खाचेत आपोआप मधोमध, वरच्या कडेशी सपाट दिसली तर ती मूठ आपली. एका पिस्तुलावर ती पट्टी मला दर वेळी डावीकडे सरकलेली दिसे, आणि मनगट वळवून मी ती जागेवर आणत असे. अशा रीतीने मनगटाला भाग पाडले, तर साठ गोळ्यांच्या फेरीत विसाव्या गोळीनंतर ते दाद देत नाही.

वजनाचेही तसेच आहे. नियमाने पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते, पण ते एकाच हाताने, कोणत्याही आधाराशिवाय धरायचे असते. मी एक किलोच्या आतले निवडले. पिस्तूल ऑस्ट्रियन बनावटीचे आहे, साध्या यांत्रिक चापाचे, नव्याच्या निम्म्या किमतीत मिळालेले. जुने पिस्तूल घेणाऱ्यांनी छर्रा ढकलणारी दाबलेली हवा ज्यात भरतात त्या नळकांड्यावर कोरलेली तारीख आवर्जून वाचावी, कारण सुमारे 200 बार दाब पेलणाऱ्या या नळकांड्याला उत्पादकांनी साधारण दहा वर्षांची मुदत घातलेली असते, आणि ती उलटली की नवे घ्यावे लागते. आणखी एक गोष्ट म्हणजे आपले यंत्र आपल्याला आतून ठाऊक हवे. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत आपली नेमबाज मनू भाकर हिच्या पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला आणि तिची मोलाची मिनिटे गेली. त्याच मुलीने 2024 मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली, याचे मला फार अप्रूप वाटते.

नेम धरणे म्हणजे लक्ष्याकडे टक लावून पाहणे, अशी माझी समजूत होती, आणि ती पूर्ण चुकीची निघाली. डोळ्याने पाहायचे ते पुढच्या पट्टीकडे. ती काजळाच्या रेघेसारखी रेखीव दिसली पाहिजे, आणि दहा मीटरवरचे काळे वर्तुळ धूसर झाले तरी चालते. त्या वर्तुळातला दहा गुणांचा ठिपका अवघा 11.5 मिलिमीटर रुंद असतो. हात कोणाचाच स्थिर राहत नाही. तो हलत असतानाच चापावरचा दाब सावकाश वाढवीत न्यायचा आणि गोळी आपल्याला नकळत सुटू द्यायची, हे ऐकायला सोपे आणि करायला फार कठीण आहे.

तिसऱ्या महिन्यात माझे सगळे छर्रे खाली डावीकडे, घड्याळातल्या सातच्या जागी जाऊ लागले. मागची खाच बिघडली असावी असे वाटून मी तिचे स्क्रू फिरवले. दोन दिवस नेम बरा लागला, मग पुन्हा विखुरला. सरांनी काहीही न बोलता स्क्रू मूळ जागी आणले, छर्रा काढून घेतला आणि मला कोऱ्या भिंतीसमोर उभे केले. भिंतीवर नेम धरायला काहीच नसल्यामुळे नजर पुढच्या पट्टीवर खिळली, आणि चाप सुटण्याच्या क्षणी ती पट्टी खाली डावीकडे टचकन झुकते, हे मला प्रथमच डोळ्यांनी दिसले. बोट चाप दाबत नव्हते, हिसकत होते, आणि त्याच्याबरोबर सगळी मूठ आवळली जात होती. चापाला लागतो तो केवळ 500 ग्रॅमचा दाब, म्हणजे अर्धा लिटर दुधाच्या पिशवीएवढा. पण तो बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे आणि बाकीचा हात निश्चल ठेवून द्यावा लागतो. त्यानंतर सहा आठवडे मी रोज संध्याकाळी, पिस्तूल रिकामे असल्याची खूण म्हणून घातलेली सुरक्षिततेची नारिंगी दोरी नळीतून काढण्यापूर्वी दोनदा खात्री करून, रिकाम्या पिस्तुलाने भिंतीसमोर पन्नास वेळा चाप ओढला. पिस्तूल रिकामे असले तरी ते भरलेले आहे असेच मानायचे, ही शिस्त बाबांना न सांगता ठाऊक होती. मला ती शिकावी लागली.

सपाट तोंडाचा छर्रा कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो. एका संध्याकाळी पाच छर्ऱ्यांची भोके एकमेकांत मिसळून एकच वेडेवाकडे छिद्र झाले. तो कागद मी जपून ठेवला आहे. सध्या साठ गोळ्यांत सहाशेपैकी 510 च्या आसपास गुण होतात.

जूनपासून मात्र नवीनच अडचण उभी राहिली आहे. आपल्याकडच्या दमट हवेत अक्रोडाची मूठ किंचित फुगली, आणि अंगठ्याखाली जिथे ती नेमकी बसत होती तिथे आता टोचू लागली. हातपंपाने हवा भरताना ओलावाही आत जातो, म्हणून नळकांडे रेंजवरच भरून घेते, आणि पिस्तुलाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर आठवड्याला बदलते. मुठीचा टोचणारा भाग कानशीने घासून टाकावा असे मनात आले होते, पण चवथीनंतर हवा कोरडी होईल तेव्हा लाकूड पुन्हा आकसेल आणि तिथे लांबी (पुट्टी) भरण्याची पाळी येईल, असे सर म्हणाले. म्हणून तूर्त पॉलिश पेपरने केवळ वरचा थर उतरवला आहे.