ब्रेझाचं डिझेल, आंबा घाट आणि आमची न घेतलेली नवी गाडी

गेले तीन महिने आमच्या घरी जेवताना एकच विषय चाललाय, गाडी बदलायची का नाही. आमची मारुतीची ब्रेझा २०१६ ची, तेव्हा तिचं पूर्ण नाव विटारा ब्रेझा होतं, डिझेल, पाच गिअरची मॅन्युअल, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. रोज कोल्हापुरात मीच चालवते, आणि वर्षातनं सात-आठ वेळा सासरच्या गावी, आंबा घाटाखाली कोकणात साखरप्याकडं जाताना पण बहुतेक मीच असते कारण नवऱ्याला घाटात चालवायला आवडत नाही आणि आप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, आता वय झालंय. तर ह्या तीन महिन्यात शोरूम फिरले, ओळखीच्यांच्या गाड्या मागून चालवून बघितल्या, खूप वाचलं, आणि एक गोष्ट नीट कळली की गेल्या दहा वर्षांत ह्या गाडीचं आणि तिच्या जोडीच्या गाड्यांचं इंजिन जे बदलत गेलं ते कशामुळं बदललं. तेच लिहायचंय, कारण आमच्यासारखी जुनी डिझेल दारात असलेली घरं कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात खूप आहेत आणि सगळ्यांना हाच प्रश्न पडलाय.

आधी आमची गाडी काय आहे ते सांगते. १२४८ सीसीचं डिझेल, ९० पीएस ताकद, आणि २०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, तो पण १७५० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला १७५० फेरे घेत असतानाच. आकडे कागदावर छोटे वाटतात. पण मे महिन्यात गावाकडनं परत येताना गाडीत आम्ही पाच जण, डिकीत आंब्याच्या चार पेट्या, तांदळाचं पोतं, एखादा फणस, आणि साखरपा सोडलं की आंबा घाटाचा चढ सुरू. पुढं एखादा लोडचा ट्रक असतोच, तो वळणावर जवळजवळ थांबतो, आपण मागं वीसच्या स्पीडला दुसऱ्या गिअरमध्ये. तिथं मला माहितीये की काटा १८०० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, पाय हलकासा दाबून ठेवायचा, आणि ट्रकनं साइड दिली की काटा दोन हजारला टेकतो तेव्हा टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, बारीक शीळ ऐकू येते आणि पाठ सीटला टेकते. गाडी उचलते म्हणजे अशी उचलते की मागं बसलेल्या आई झोपेतनं डोळे उघडून "पोचलो काय आंब्याला" म्हणून विचारतात. नऊ वर्षं हे असंच चाललंय आणि त्या शिळेवर माझा इतका भरवसा बसलाय की दुसरी गाडी चालवताना कान आपोआप तिला शोधतात.

हे इंजिन मूळ फियाटचं, १.३ मल्टीजेट. मारुतीनं ते परवाना घेऊन मानेसरला बनवलं आणि जानेवारी २००७ ला स्विफ्ट डिझेलमध्ये आणलं, मग डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ सगळीकडं तेच. आणि आपल्या रांजणगावला फियाटच्या कारखान्यात पण तेच बनायचं, लिनिआ आणि पुंटोला लागायचं, टाटाच्या व्हिस्टा, मांझा, झेस्टला पण. गाड्यांचे शौकीन लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. त्यामुळं आजही कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला ते डोळे झाकून खोलता येतं, स्पेअर मिळतं, आणि टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. आमच्यासारख्यांना ही किती मोठी गोष्ट आहे ते घाटाच्या मधोमध कळतं.

मग असं इंजिन बंद का केलं? मला आधी वाटायचं कंपनीला नफा सुटत नसेल म्हणून. थोडंफार ते पण आहे, पण खरं कारण बीएस सिक्स, म्हणजे गाडीच्या धुरात काय किती चालेल ते ठरवणारा सरकारी नियम. सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये ठरवलं की बीएस फाइव्ह गाळून थेट एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स लागू करायचं. आणि विटारा ब्रेझा बाजारात आली मार्च २०१६ ला, ती पण फक्त डिझेलमध्ये! म्हणजे ज्या गाडीला एकच इंजिन दिलं होतं त्या इंजिनाचं आयुष्य गाडी यायच्या दोन महिने आधीच चार वर्षांवर बांधलं गेलं होतं. आप्पा ह्या गाडीच्या बुकिंगचा नंबर लागावा म्हणून कित्येक महिने थांबले होते, तेव्हा आम्हाला कुणालाच ह्याची कल्पना नव्हती.

नियम डिझेलला कसा लागला बघा. बीएस फोरमध्ये डिझेल गाडीला नायट्रोजन ऑक्साइड किलोमीटरला २५० मिलीग्रॅमपर्यंत चालायचं, बीएस सिक्समध्ये ते ८० वर आणलं, आणि काजळी २५ मिलीग्रॅमवरनं साडेचारवर. पेट्रोलला मात्र नायट्रोजन ऑक्साइड ८० वरनं ६० एवढंच. म्हणजे पेट्रोल इंजिनाला थोडी डागडुजी पुरली, आणि डिझेलला काजळीचा फिल्टर लावा, नायट्रोजन ऑक्साइड मारायची वेगळी यंत्रणा लावा, आणि हे सगळं सव्वा लिटरच्या छोट्या इंजिनावर, जिथं गाडीची किंमतच आठ-दहा लाख. मारुतीनं एप्रिल २०१९ मध्ये सांगूनच टाकलं की आम्ही डिझेल बंद करतोय. मला हळहळ वाटते ती वेगळ्याच इंजिनाची, त्यांनी स्वतःचं १.५ डिझेल तयार केलं होतं, ९५ पीएस आणि २२५ न्यूटन मीटर, २०१९ ला सियाझ आणि अर्टिगामध्ये आलं, आणि वर्षभरात ते पण गेलं. ब्रेझाला ते कधी मिळालंच नाही. मिळालं असतं आणि टिकलं असतं तर मी आज ही पोस्ट लिहीत बसले नसते, सरळ तीच घेतली असती.

आता नियम चूक होता असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलीला दम्याचा त्रास आहे, दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला उभं राहिलं की बसच्या धुरानं तिला खोकल्याची उबळ येते, तेव्हा हवा स्वच्छ पाहिजेच. डिझेलचा धूर कमी झाला हे चांगलंच झालं. माझं म्हणणं एवढंच की त्या बदल्यात कुटुंबाच्या गाडीला जे दिलं ते आपल्या रस्त्यांवर, भरलेल्या गाडीत कसं चालतं हे नीट कुणी सांगत नाही, सगळे फक्त सनरूफ आणि स्क्रीन दाखवतात.

२०२० ला ब्रेझा पेट्रोल झाली, १.५ लिटर, १०५ पीएस, १३८ न्यूटन मीटर. मग ३० जून २०२२ ला पूर्ण नवी आली, नावातनं विटारा गेलं, इंजिन परत १.५ च पण सुधारलेलं, १०३ पीएस आणि जवळजवळ १३७ न्यूटन मीटर, आणि ऑटोमॅटिकला चारच्या जागी सहा गिअर आले. बघा, ताकद आमच्या डिझेलपेक्षा जास्त आहे, ९० च्या जागी १०३. पण टॉर्क १३७ आणि तो पण ४४०० आरपीएमला. हा एकच आकडा मी सगळ्यांना बघायला सांगते.

माझ्या चुलत दिराकडं ही २०२२ ची पेट्रोल मॅन्युअल आहे, दिवाळीत मी मुद्दाम तीच मागून गावाला नेली, माणसं तीच, सामान पण तेवढंच. कोल्हापूर ते मलकापूर इतकं सुंदर की काय सांगू, आवाज नाही, थरथर नाही, क्लच लोण्यासारखा, आई म्हणाल्या गाडी चालूये का बंद. उतरताना पण काही नाही. येताना चढाला त्याच ट्रकामागं दुसऱ्या गिअरमध्ये वीसवर, साइड मिळाली, मी सवयीनं पाय दाबला आणि गाडी नुसती गुरगुरली. मग पूर्ण दाबला, काटा साडेतीन-चार हजारला गेला तेव्हा उठली. उठते, अगदी चांगली उठते, पण आधी ओरडून घेते, आणि पुढचं वळण तोपर्यंत आलेलं असतं म्हणून परत पाय सोडायला लागतो. गाडीत काही दोष नाही, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन असंच असतं, त्याला पळवायला लागतं. फक्त डिझेलची सवय असलेल्यानं आपली चालवायची पद्धत मुळापासून बदलायची तयारी ठेवायची.

त्या १.५ ला स्मार्ट हायब्रिड म्हणून जे लावतात ते पण समजून घेतलं. बेल्टवर एक छोटी मोटर आणि सीटखाली छोटी बॅटरी, सिग्नलला इंजिन बंद करते आणि निघताना थोडा हात लावते, नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. तरी ॲव्हरेजला फरक पडतो, २०२२ ला मॅन्युअलचा कंपनीचा आकडा लिटरला २०.१५ किलोमीटरपर्यंत होता, २०२३ मध्ये मॅन्युअलमधनं ते काढलं तर १७.३८ झाला, आणि २०२४ च्या सुरुवातीला वरच्या व्हेरियंटला परत दिलं तेव्हा १९.८९. गाडी तीच, नाव तेच, दीड वर्षात दोनदा बदल. जुनी सेकंडहँड बघणाऱ्यांनी हे जरूर विचारा, नुसतं "२०२३ मॉडेल" ऐकून पैसे देऊ नका. आणि आमच्या डिझेलचा आकडा २४.३ होता, हायवेला मला अजून १९-२० मिळतंच.

मार्च २०२३ पासून सीएनजी पण आली, ८८ पीएस, १२१.५ न्यूटन मीटर, किलोला २५.५१ किलोमीटर. माझ्या मावसबहिणीकडं आहे, ती रोज कोल्हापूर-इचलकरंजी करते आणि खर्चाच्या बाबतीत प्रचंड खूश आहे, तिच्यासाठी ती गाडी अगदी बरोबर आहे. पण सिलेंडर डिकीत बसतो. ३२८ लिटरच्या डिकीत आमच्या चार पेट्या आणि पोतं कसंबसं बसतं, तिथं सिलेंडर आल्यावर पेट्या कुठं ठेवू, मुलीच्या मांडीवर? आणि टॉर्क आणखी कमी, तो पण भरल्या गाडीत घाटाला.

आता टॅक्सचं, कारण हे मला स्वतःला माहीत नव्हतं आणि कळल्यावर सगळं चित्रच बदललं. छोटी गाडी म्हणून कमी टॅक्स पाहिजे असेल तर लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आत, डिझेल असेल तर १५०० च्या आत. ब्रेझाची लांबी ३९९५ मिलिमीटर ती ह्याच्यासाठीच. आमचं डिझेल १२४८ म्हणजे नियमात बसायचं. पेट्रोल १.५ आलं आणि गाडी छोट्या गाडीच्या यादीतनं बाहेर गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तर हा फरक आणखी वाढला, छोट्या गाडीला १८ टक्के आणि बाकीच्यांना ४०. म्हणजे तेवढ्याच लांबीची टाटाची १.२ टर्बोवाली नेक्सॉन १८ मध्ये, तिचं १.५ डिझेल पण १८ मध्ये, आणि १.५ पेट्रोल ब्रेझा ४० मध्ये. इंजिन किती सीसीचं ठेवायचं हे घाट बघून कुणी ठरवत नाही, टॅक्सचा तक्ता बघून ठरतं, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

मग डिझेलच घ्यायची तर? ४ मीटरच्या आत अजून आहेत की, नेक्सॉन ११५ पीएस आणि २६० न्यूटन मीटर, ती बनते पण रांजणगावलाच, जिथं आमच्या इंजिनाची भावंडं बनायची, म्हणून माझं मन तिच्याकडं खूप ओढलं. ह्युंदाईच्या व्हेन्यूला आणि कियाच्या सोनेटला २५०, महिंद्राच्या थ्री एक्स ओला तर ३००. घाटाला ह्यातली कुठलीही आमच्या जुन्या गाडीपेक्षा सरस आहे. पण माझं रोजचं चालवणं काय? सकाळी शाळा, तिथनं ऑफिस, संध्याकाळी भाजी, सगळं मिळून दिवसाला नऊ-दहा किलोमीटर, ते पण तीन तुकड्यांत. बीएस सिक्स डिझेलचा काजळीचा फिल्टर भरला की ती काजळी जाळायला इंजिन चांगलं तापावं लागतं, पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एका लयीत गाडी पळवायला लागते. राजारामपुरीत ती लय कुठनं आणणार. फिल्टरचा दिवा लागला की दर वेळी हायवेला कागलपर्यंत फिरवून आणायची हे माझ्याच्यानं होणार नाही. ज्यांचं रोजचं चालवणं हायवेवर आहे त्यांनी मात्र अजूनही बिनधास्त डिझेल घ्यावी, मी तरी तेच सांगेन.

एका शोरूममध्ये मी टर्बो पेट्रोल बघायला गेले होते. १.२ च्या टर्बोला १७० न्यूटन मीटर आणि तो १७५० पासनंच मिळतो, म्हणजे स्वभाव आमच्या डिझेलच्या जवळचा, हे मला महत्त्वाचं वाटलं. मी म्हटलं, टेस्ट ड्राइव्ह मला सगळ्यांना बसवून चढाला पाहिजे, निदान जोतिबाच्या डोंगरावर तरी न्या. तो पोरगा म्हणाला मॅडम ताराबाई पार्कातनं एक राउंड मारून आणतो. ताराबाई पार्कात कुठला आलाय चढ! पाच मिनिटांत परत आलो, एसी गार आहे एवढं कळलं. दहा-बारा लाख घालणाऱ्या माणसाला एक डोंगर दाखवायला काय हरकत आहे, मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी आप्पांनीच विषय मिटवला, म्हणाले, "गाडीनं आपल्याला कधी रस्त्यात सोडलंय काय? मग आपण का सोडायचं?" आपल्याकडं नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३१ पर्यंत ती आहे. मागच्या आठवड्यात क्लच प्लेट बदलून घेतली, मिस्त्रीनं जुनी प्लेट हातात दिली तर कडेनं कागदासारखी झिजलेली, म्हणाला वहिनी ही घाटातच झिजली. पुढचे दोन टायर पण नवीन टाकले. नवी गाडी पुढच्या वर्षी बघू, आणि घेतलीच तर टर्बो पेट्रोल असं सध्या माझ्या डोक्यात आहे.

शनिवारी पहाटे गावाला निघतोय, पेट्या तयार आहेत असा फोन आलाय. तुमच्यापैकी कुणी पाच माणसं आणि सामान घेऊन आंबा घाटात नाहीतर गगनबावड्याला १.२ टर्बो पेट्रोल मॅन्युअल चालवली असेल तर ट्रकामागनं दुसऱ्या गिअरला ती कशी उठते ते मला नक्की सांगा, ॲव्हरेज नाही सांगितलं तरी चालेल.