काच, रंग आणि रडार : आमची वाटचाल

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हा नाना पेठेतील आमच्या दुकानात सीटकव्हर, हॉर्न, म्युझिक सिस्टीम आणि काचेवरच्या फिल्म एवढाच माल असे. पुढे अमेरिकेतील नातेवाइकांकडून मागवलेले रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचे वेग मोजणारे रडार जवळ असल्याची सूचना देणारे यंत्र, बसवून घ्यायला काही गिऱ्हाइके येऊ लागली आणि त्यांच्या तक्रारी दोनच असत: यंत्र वेळेवर वाजत नाही, किंवा कारण नसताना वाजत राहते. त्या तक्रारींचा पाठपुरावा करता करता आमचा मूळ धंदा मागे पडला.

डिटेक्टर स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. तो फक्त ऐकतो. वेग मोजणाऱ्या रडारची लहर गाडीवर आदळून परत जाते, म्हणून तिची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते, तर डिटेक्टरला ती एकाच बाजूने प्रवास करून भेटते आणि वर्गानेच घटते. त्यामुळे मोकळ्या सरळ रस्त्यावर डिटेक्टरला रडारची चाहूल आधी लागते; मात्र बोरघाटातील वळणे, मध्ये आलेला ट्रक किंवा गाडी जवळ आल्यावरच सुरू केलेले रडार यांपुढे हा फायदा उरत नाही. लेझर गनचा झोत तर तीनशे मीटरवरही साधारण मीटरभरच रुंद असतो, त्यामुळे यंत्र वाजेपर्यंत वेग मोजून झालेला असतो.

महागडे यंत्र घेऊनही ते मुके राहण्याचे कारण बहुधा काचेत सापडे. उष्णता रोखणाऱ्या विंडशील्डमध्ये चांदीचे अतिशय पातळ थर असतात आणि काही फिल्ममध्येही धातू असतो. उन्हाबरोबर तो रेडिओ लहरीही अडवतो. फास्टॅगसाठी म्हणून अशा अनेक काचांवर आरशाजवळ बिनथराची लहानशी जागा सोडलेली असते. डिटेक्टर त्या जागेसमोर, वायपरच्या वाटेबाहेर आणि रस्त्याला समांतर बसवला की नवे यंत्र घेण्याची गरज राहत नसे. (२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातल्यावर आमचा फिल्मचा धंदा जवळजवळ बसला, ते दुःख निराळे.)

विनाकारण वाजण्याचे मूळ २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींत होते. वेगमापक रडारचा के बँड नावाचा लहरींचा पट्टा २४.१५० गिगाहर्ट्झचा आणि मॉलच्या स्वयंचलित दारांचे अनेक सेन्सरही त्याच पट्ट्यातले. पुढे शेजारच्या गाड्यांत अंध कोपऱ्यावर नजर ठेवणारे २४ गिगाहर्ट्झचे रडार आले, तेव्हा ही यंत्रे शहरात जवळजवळ निरुपयोगी झाली. दोन ठिकाणांमधील सरासरी वेग काढणाऱ्या कॅमेऱ्यांकडे तर डिटेक्टरने पकडावी अशी लहरच नसते. जर्मनी आणि फ्रान्समध्ये गाडी चालवताना या यंत्राच्या वापराला बंदी आहे, आणि वेगमर्यादा चुकवण्याच्या सोयीवर दुकान चालवणे मलाही पटत नव्हते. ते काम आम्ही थांबवले.

त्यातून मिळालेली समज मात्र गाडीच्या स्वतःच्या रडारसाठी उपयोगी पडली. समोरच्या गाडीचे अंतर राखणारे रडार ७७ गिगाहर्ट्झवर चालते आणि त्याची तरंगलांबी चार मिलिमीटरहूनही कमी असते, म्हणून ते झाकणाऱ्या बंपरची जाडी, रंगाचे थर आणि पुट्टी या गोष्टी तेथे निर्णायक ठरतात. मेटॅलिक रंगातील अॅल्युमिनियमचे कण लहरी परतवतात. जुन्या रंगावर नवा थर चढवला की अडथळा वाढतो. पावसाळ्यात खंडाळ्याला रडार बंद पडल्याचा संदेश येतो, त्याचे कारण पावसाच्या सरींपेक्षा रडारसमोर साचलेला पाण्याचा पापुद्रा आणि चिखल हेच जास्त वेळा असते.

सर्वांत घातक दोष डोळ्यांना दिसत नाही. रडार धरून ठेवणारे ब्रॅकेट एका अंशाने वाकले तर शंभर मीटरवर रडारची नजर पावणेदोन मीटर सरकते. दोन अंशांत साडेतीन मीटरची एक अख्खी लेन ओलांडली जाते. मग शेजारच्या लेनमधील टेम्पो आपल्यासमोर आहे असे समजून गाडी अचानक ब्रेक लावू शकते. म्हणून आम्ही आधी टायरमधील हवा व डिकीतील वजन पाहतो, चाकांचे अलाइनमेंट करून घेतो, आणि मगच सपाट फरशीवर कंपनीने ठरवून दिलेल्या अंतरावर धातूचा त्रिकोणी परावर्तक ठेवून कॅलिब्रेशन करतो, म्हणजे रडारची दिशा अचूक जुळवतो.

भोसरीतील डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना सुरुवातीला हा शहाणपणा वाटे, कारण डॅशबोर्डवरचा दिवा विझला की काम संपले, असा त्यांचा हिशेब होता. पत्र्यावर चालणारे रंगाची जाडी मोजण्याचे नेहमीचे यंत्र प्लॅस्टिकवर चालत नाही, त्यामुळे आम्हाला अल्ट्रासोनिक यंत्र घ्यावे लागले आणि ते स्वस्त नव्हते. रडारसमोर पुट्टी सापडली तर आम्ही कॅलिब्रेशन न करता बंपर बदलण्यास सांगतो. त्यामुळे काही गॅरेजांनी आमच्याकडे गाड्या पाठवणे बंद केले, तर काही जण आता रंगकाम हाती घेण्याआधीच फोन करतात.